यकृताची जुनाट कावीळ, सूक्ष्म पोषकद्रव्ये आणि आपली प्रतिकारशक्ती : एक अभ्यास

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या पट्ट्यात 'कावीळ' हा शब्द माहीत नाही असे घर सापडणे कठीण. डोळे पिवळे दिसले की कोणी भुईआवळ्याचा रस सुचवितो, कोणी गळ्यात माळ घालण्यास सांगतो, तर कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ 'उतरविणाऱ्याचा' पत्ता देतो. अलीकडे त्यात आणखी एका सल्ल्याची भर पडली आहे. "झिंकच्या गोळ्या घ्या, सेलेनियम घ्या, व्हिटॅमिन घ्या, प्रतिकारशक्ती वाढेल आणि लिव्हर आपोआप सुधारेल" असे सांगणारे लोक भेटतात आणि औषधाच्या दुकानात अशा गोळ्यांच्या रंगीत बाटल्याही मिळतात. हा सल्ला कितपत खरा आहे? सूक्ष्म पोषकद्रव्यांचा आणि विषाणूजन्य यकृतरोगाचा संबंध नेमका काय आहे? तो समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आम्ही डॉक्टर नाही. कलाशाखेचे पदवीधर आणि बँकेत खातेवह्या सांभाळणारी माणसे आहोत. मात्र जमा किती, खर्च किती आणि शिल्लक का जुळत नाही, एवढे पाहण्याची सवय आम्हाला आहे. त्याच सवयीने आम्ही हा विषय वाचला आणि सभासद बंधू-भगिनींना व विद्यार्थ्यांना समजेल अशा भाषेत मांडत आहोत.

१. कावीळ एक नव्हे

कावीळ हे लक्षण आहे, रोग नव्हे. रक्तातील बिलिरुबिन वाढले की डोळे व त्वचा पिवळी दिसते. त्यामागे यकृताला सूज आणणारे पाच प्रमुख विषाणू असू शकतात. त्यांना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत.

ए आणि ई हे दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात. पावसाळ्यात एखाद्या वस्तीत एकाच वेळी अनेकांना कावीळ होते ती बहुधा या प्रकारची असते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत ई विषाणूवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. या दोन्ही प्रकारांत बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. मात्र गरोदर स्त्रीला ई प्रकार घातक ठरू शकतो, हे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे.

बी आणि सी यांची गोष्ट वेगळी आहे. ते रक्तातून, दूषित सुईतून, असुरक्षित लैंगिक संबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतात. डी हा विषाणू बी असेल तरच टिकतो. बी आणि सी शरीरात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतात. डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही, माणूस रोज लोकल पकडून कामावर जातो आणि आत यकृतावर व्रण वाढत राहतात. वीस-तीस वर्षांनी पोटात पाणी होते, रक्ताची उलटी होते किंवा कर्करोग होतो, तेव्हा कुठे घरच्यांना कळते. आमचा विषय ही जुनाट, न दिसणारी कावीळ आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात बी प्रकारचे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सी प्रकारचे सुमारे ५५ लाख रुग्ण होते. त्या एका वर्षात जगात या दोन विषाणूंनी सुमारे १३ लाख माणसे दगावली.

बी विषाणूचा माग डॉ. बारूच ब्लूमबर्ग यांना १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात लागला. त्याबद्दल त्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सी विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला आणि त्याच्या शोधाबद्दल हार्वे आल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राईस यांना २०२० चे नोबेल मिळाले.

२. नुकसान कोण करते?

येथे एक गोष्ट वाचकांना चमत्कारिक वाटेल. बी विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो, तेथे आपल्या प्रती काढतो, पण सहसा त्या पेशीला स्वतः मारत नाही. पेशी मारतात त्या आपल्याच शरीराच्या पहारेकरी पेशी. ज्या घरात चोर लपला आहे ते घरच त्या पाडून टाकतात. हल्ला जोरदार आणि नेमका असेल तर विषाणू संपतो, मोडलेले यकृत पुन्हा वाढते आणि माणूस बरा होतो. हल्ला अर्धवट राहिला तर विषाणूही संपत नाही आणि पडझडही थांबत नाही. वर्षानुवर्षे झुंजून या टी-पेशी थकतात. शास्त्रज्ञ त्याला पेशींची 'दमछाक' असेच म्हणतात.

वयाचा फरक येथे फार महत्त्वाचा आहे. जन्मतः बी विषाणू मिळालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा राहतो. प्रौढपणी लागण झाली तर हेच प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. कारण बाळाची प्रतिकारयंत्रणा त्या विषाणूला परका म्हणून ओळखतच नाही. म्हणूनच जन्मानंतर २४ तासांच्या आत दिली जाणारी हिपॅटायटिस बी ची लस अनमोल आहे. भारतात ही लस २००२-०३ मध्ये काही शहरांत व जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०११ पासून ती देशभर नेण्यात आली.

आता आपला मूळ प्रश्न. पहारेकरी थकू नयेत आणि बेभानही होऊ नयेत, यासाठी त्यांना लागणारी रसद कोणती?

३. रसद : मिलिग्रॅमचा हिशेब

भात-भाकरी, डाळ, तेल ही पोषकद्रव्ये आपल्याला रोज ग्रॅमच्या मापाने लागतात. जस्त, लोह, तांबे, सेलेनियम आणि जीवनसत्त्वे मात्र मिलिग्रॅममध्ये किंवा त्याच्या हजाराव्या भागात, म्हणजे मायक्रोग्रॅममध्ये लागतात. म्हणून ती सूक्ष्म. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज १७ मिलिग्रॅम आणि स्त्रीला सुमारे १३ मिलिग्रॅम जस्त हवे. सेलेनियम अवघे ४० मायक्रोग्रॅम पुरते.

जस्त (झिंक). मानवाला जस्ताची उणीव होऊ शकते हे प्रथम दाखवून देणारे शास्त्रज्ञ बिहारमधील बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद. १९६० च्या दशकाच्या आरंभी इराण व इजिप्तमधील खेड्यांत त्यांना वाढ खुंटलेले तरुण आढळले. त्यांचा आहार मुख्यतः कोंडायुक्त रोटीचा होता. धान्याच्या कोंड्यातील फायटेट नावाचे द्रव्य जस्ताला बांधून ठेवते आणि ते आतड्यातून शोषले जात नाही. जस्त कमी पडले की टी-पेशींची संख्या व कार्यक्षमता घटते, कारण त्या पेशींना तयार करणाऱ्या थायमस ग्रंथीचा थायम्युलिन हा संप्रेरक जस्ताशिवाय काम करीत नाही. शिवाय यकृतात अमोनियाचे युरियात रूपांतर करणाऱ्या एका विकराला जस्त लागते. यकृत व्रणांनी आक्रसले, म्हणजे सिरॉसिस झाला, की रक्तातील जस्त बहुधा कमी आढळते. खाणे कमी होते, शोषण कमी होते आणि लघवीवाटे जस्त अधिक जाते. अमोनिया वाढला की रुग्णाला गुंगी येते, तो भलतेच बोलू लागतो.

सेलेनियम. पेशीतील गंज रोखणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराचा हा घटक आहे. चीनच्या चिडोंग या भागात बी विषाणू आणि यकृताचा कर्करोग या दोहोंचे प्रमाण फार होते. तेथे बी विषाणू असलेल्या २२६ लोकांना दोन गटांत विभागून चार वर्षे एका गटाला रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम व दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या दिल्या. बिनऔषधी गटातील ११३ पैकी ७ जणांना कर्करोग झाला, सेलेनियमच्या गटात एकालाही झाला नाही. हे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. आकडे बोलके आहेत, पण प्रयोग लहान आहे आणि तो ज्या जमिनीत सेलेनियम कमी आहे अशा भागातील आहे. ज्यांना उणीव नाही त्यांना अधिक सेलेनियम देऊन कर्करोग टळतो असे पुढच्या मोठ्या प्रयोगांत दिसले नाही.

ड जीवनसत्त्व. सूर्यप्रकाशात त्वचेखाली तयार झालेल्या ड जीवनसत्त्वावर पहिला संस्कार यकृतातच होतो. म्हणून यकृत बिघडले की याचीही पातळी घसरते. ते प्रतिकारपेशींना कामाला लावते आणि त्यांना आवरही घालते.

अ जीवनसत्त्व. शरीरातील याचा बहुतेक साठा यकृताच्या ताराकृती पेशींत असतो. यकृताला इजा झाली की या पेशी आपला साठा गमावतात आणि व्रणाचे धागे विणू लागतात. म्हणजे अ जीवनसत्त्वाची कोठारे व्रणाचे कारखाने बनतात. यावरून कोणी अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरपूर खाव्यात असा अर्थ काढू नये. ते अति झाले तर स्वतःच यकृताला विषारी ठरते.

४. लोहाचे खाते आणि उल्हासनगरचा धडा

आतापर्यंत कमतरतेविषयी बोललो. आता अतिरेकाकडे वळू, कारण आपल्या भागातील सर्वांत मोठा धडा तेथे आहे.

फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचे वाहक देशाच्या सरासरीपेक्षा बरेच अधिक आहेत. देशाची सरासरी शंभरात तीन ते चार धरली जाते. वाहक माणूस निरोगी असतो. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक या प्रमाणात मूल तीव्र थॅलेसेमियाचे असण्याची शक्यता असते. अशा मुलाला आयुष्यभर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते.

आता हिशेब पाहा. रक्ताच्या एका पिशवीत सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. निरोगी माणूस अन्नातून रोज फक्त १ ते २ मिलिग्रॅम लोह घेतो. त्याच्या सबंध शरीरातच ३ ते ४ ग्रॅम लोह असते. महिन्याला दोन पिशव्या लागणाऱ्या तरुण रुग्णाच्या अंगात वर्षाला सुमारे ५ ग्रॅम लोह जमा होते. आणि लोह बाहेर टाकण्याची व्यवस्था निसर्गाने मानवी शरीरात ठेवलेलीच नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर या खात्यात भरणा करता येतो, पण पैसे काढण्याची स्लिपच छापलेली नाही. ही सारी जमा यकृतात, हृदयात आणि ग्रंथींत साचते आणि तेथील पेशींना गंजविते.

या मुलांवर दुसरे संकट सी विषाणूचे आले. १९८९ पूर्वी तो ओळखताच येत नव्हता. भारतातील रक्तपेढ्यांत त्याची तपासणी २००१-०२ च्या सुमारास सक्तीची झाली. धंदेवाईक रक्तदात्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. त्यापूर्वी जगभरच्या अनेक थॅलेसेमियाग्रस्त मुलांना जगविणाऱ्या रक्तातूनच हा विषाणू मिळाला. त्यांच्या यकृतात मग लोह आणि विषाणू असे दोन शत्रू एकत्र आले.

हे दोन शत्रू एकमेकांना कशी साथ देतात? इटलीत अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने थॅलेसेमियातून मुक्त झालेल्या २११ रुग्णांच्या यकृताचा काही वर्षे पाठपुरावा करण्यात आला आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्यात विषाणू नव्हता व लोहही मर्यादेत होते, त्यांच्यापैकी कोणाचाही व्रण वाढला नाही. ज्यांच्यात विषाणूही होता आणि लोहही फार होते, त्या सर्वांचा वाढला. ब्लूमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही १९७० च्या दशकातच नोंदविले होते की, ज्यांच्या शरीरात बी विषाणू टिकून राहतो त्यांच्या रक्तात लोह अधिक आढळते. जपानमध्ये १९९४ मध्ये सी विषाणूच्या रुग्णांचे थोडे थोडे रक्त काढून लोह कमी केले तेव्हा त्यांच्या यकृताची सूज दाखविणारे आकडे खाली आले. सी विषाणू यकृतातील हेपसिडिन या द्रव्याचे प्रमाण घटवितो. हेपसिडिन म्हणजे लोहाच्या दारावरचा रखवालदार. तो नसला की आतड्यातून लोह अधिक आत येते.

जुन्या उपचाराने या मुलांची आणखी कोंडी केली होती. सी विषाणूवर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने व रायबाविरिनच्या गोळ्या देत. रायबाविरिनने तांबड्या पेशी फुटतात. मग रक्त अधिक चढवावे लागे, म्हणजे लोह अधिक वाढे. साचलेले लोह बाहेर काढण्यासाठी डेफेरिप्रोन ही तोंडाने घेण्याची गोळी १९९४-९५ मध्ये जगात प्रथम भारतात परवाना मिळून बाजारात आली, ही अभिमानाची गोष्ट. पण लोह ओढून नेणारी औषधे सोबत थोडे जस्तही नेतात. म्हणून अशा मुलांच्या जस्तावर लक्ष ठेवावे लागते. एकाच शरीरात लोह फार आणि जस्त कमी. 'सगळ्यांनी एकच टॉनिक घ्यावे' हा सल्ला किती धोक्याचा आहे, हे येथे कळते.

आणि हा प्रश्न केवळ सिंधी बांधवांचा नाही. विदर्भात, विशेषतः बौद्ध व आदिवासी समाजांत, सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. विदर्भातून नोकरीनिमित्त इकडे आलेल्या कुटुंबांना हा आजार परिचित असतो. त्यातील ज्या रुग्णांना वारंवार रक्त घ्यावे लागते त्यांनाही लोहाचा हाच हिशेब लागू पडतो.

५. पुण्याचा तांब्याचा धडा

सूक्ष्म द्रव्याचा अतिरेक यकृत कसे जाळतो, याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. पूर्वी दोन-तीन वर्षांची मुले यकृत कडक होऊन दगावत. त्याला 'भारतीय बालयकृतरोग' असे नाव होते. विषाणू, कुपोषण, आनुवंशिकता अशी अनेक कारणे सुचविली जात. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या आहाराची बारकाईने चौकशी केली. ज्या बाळांना फार लवकर वरचे दूध सुरू केले जाई आणि ते दूध कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवून ठेवले जाई, त्यांच्यात हा रोग अधिक आढळला. दुधातील प्रथिने तांबे धरून ठेवतात आणि ते बाळाच्या यकृतात साठते. लोकांनी भांडी बदलली, घरोघर स्टील आले आणि हा रोग दुर्मीळ झाला. येथे गोळीने नव्हे, नीट विचारलेल्या प्रश्नाने मुले वाचली.

६. कमी आकडा म्हणजे कारण, की परिणाम?

विद्यार्थी मित्रांनो, या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. रुग्णाच्या रक्तात जस्त कमी आढळले, म्हणून जस्त कमी असल्यामुळे रोग झाला, असे म्हणता येईल का?

खात्यात शिल्लक कमी दिसली की चोरी झाली असे कोणी लगेच म्हणत नाही. चेक वटायचा बाकी असेल, पैसे दुसऱ्या खात्यात वळविले असतील. शरीरातही तसेच घडते. अंगात सूज असली की जस्त रक्तातून यकृतात ओढले जाते. रक्तात जस्त वाहून नेणारे अल्ब्युमिन यकृतच बनविते, ते कमी झाले की जस्ताचा आकडाही घसरतो. ड जीवनसत्त्व कमी असते कारण यकृत दुबळे आहे आणि रुग्ण उन्हात जात नाही. उलट, लोहाचा साठा दाखविणारे फेरिटिन नुसत्या सुजेनेही वाढते. म्हणून केवळ त्या एका आकड्यावरून लोह वाढले असे ठरवीत नाहीत, ट्रान्सफेरिनची संपृक्तताही पाहतात.

मग निर्णय कसा करायचा? दोन सारखे गट घ्यावेत, एकाला ते द्रव्य द्यावे, दुसऱ्याला देऊ नये आणि काय होते ते पाहावे. जपानमध्ये २००१ साली इंटरफेरॉनसोबत जस्त दिल्यावर सी विषाणूच्या रुग्णांत अधिक चांगला परिणाम आढळला, पण नंतरच्या प्रयोगांत तसा फरक सातत्याने दिसला नाही. भुईआवळ्याचेही तेच. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी ब्लूमबर्ग यांच्या सहकार्याने एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बी विषाणूच्या ३७ वाहकांपैकी ५९ टक्क्यांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाल्याचे दिसले. जगभर आशा निर्माण झाली, मात्र इतरांनी पुन्हा करून पाहिले तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. एकाने मिळविलेले उत्तर दुसऱ्याला मिळाले पाहिजे, ही विज्ञानाची अट आहे.

यावरून निष्कर्ष असा. उणीव असेल तर ती भरून काढणे योग्यच. सिरॉसिसच्या रुग्णाला डॉक्टर जस्त किंवा ड जीवनसत्त्व देतात ते याचसाठी. परंतु कोणतेही सूक्ष्म पोषकद्रव्य बी किंवा सी विषाणूला शरीरातून घालवीत नाही.

७. खरा उपचार कोठे आहे?

सी विषाणूवर आता थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्या आहेत. सोफोसबुविर हे औषध अमेरिकेत २०१३ मध्ये मान्य झाले आणि २०१५ पासून भारतीय कंपन्यांनी ते स्वस्तात उपलब्ध केले. बहुतेक रुग्णांना १२ आठवडे रोज गोळ्या घ्याव्या लागतात आणि शंभरात ९५ च्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात. एके काळी कोंडीत सापडलेली थॅलेसेमियाची मुलेही या गोळ्यांनी बरी होऊ लागली आहेत. बी विषाणू सहसा पूर्ण जात नाही, पण टेनोफोविर किंवा एन्टेकाविरने तो दाबून ठेवता येतो. बी च्या प्रत्येक वाहकाला औषध लागतेच असे नाही. ते विषाणूचे प्रमाण, यकृताची सूज आणि व्रण पाहून ठरते.

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात या दोन्ही प्रकारांची तपासणी व औषधे मोफत आहेत. उल्हासनगरच्या शासकीय मध्यवर्ती रुग्णालयात किंवा ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जवळचे उपचार केंद्र कोणते याची चौकशी करावी. महिन्याला हजार-दीड हजाराच्या बाटल्या विकत घेणारे आणि मोफत उपचाराची माहिती नसणारे घर आपल्या वस्तीत राहू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

८. ताट वेगळे नको

बी विषाणू निघाला म्हणून घरातील सुनेचे ताट-पेला वेगळा करणे, मुलाला जवळ न घेणे, असे प्रकार घडतात. एकत्र जेवल्याने, एका माठातील पाणी प्यायल्याने, हात धरल्याने बी किंवा सी होत नाही. बाळाला जन्मतः लस व डॉक्टर सांगतील ते इंजेक्शन दिले असेल तर आईने दूधही पाजावे. वेगळे ठेवायचे ते दाढीचे ब्लेड, टूथब्रश आणि सुई. पती-पत्नी व मुलांची तपासणी करून लस घ्यावी. एका पेल्याच्या आणि एका पाणवठ्याच्या हक्कासाठी ज्या समाजाने १९२७ मध्ये महाडला पाऊल टाकले, त्या समाजाच्या घरात आजारी माणसाचा पेला वेगळा व्हावा, हे आपल्याला शोभणारे नाही.

इंजेक्शनाबाबत मात्र दक्षता हवी. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने बी प्रकारची मोठी साथ आली आणि अनेक माणसे दगावली. सुई नवी आहे ना, पाकीट समोर फोडले ना, हे विचारण्यात कसला संकोच?

९. स्वयंपाकघरात काय करावे?

जुनाट यकृतरोग्याला उपाशी ठेवू नये. सिरॉसिसमध्ये प्रथिने तोडण्याची जुनी रीत आता मागे पडली आहे. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. रात्री झोपण्यापूर्वी दूध-पोळी किंवा पेज असे थोडे खाणे द्यावे, म्हणजे रात्रभराच्या उपासात अंगातील स्नायू झिजत नाहीत.

मटकी, मूग, हरभरा मोड आणून खावेत. मोड आणल्याने व आंबविल्याने फायटेट घटते आणि जस्त व लोह अधिक मिळते. आपल्या आजीची आंबील आणि मोडाची उसळ हे या दृष्टीने शहाणपणच आहे. तीळ, भोपळ्याच्या बिया, अंडी, मासे, मटण यांत जस्त चांगले असते. सुकट-बोंबील पौष्टिक, पण पोटात पाणी झालेल्याने त्यातील मीठ टाळावे. बुरशी आलेले शेंगदाणे व मका खाऊ नयेत. त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष आणि बी विषाणू एकत्र आले तर यकृताच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. दारू पूर्ण बंद.

लोहाच्या गोळीबाबत दोन्ही टोके टाळावीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गरोदर स्त्रीने दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या मनानेच बंद करू नयेत. आणि ज्याला यकृतरोग, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल आहे त्याने तपासणीशिवाय लोहाचे टॉनिक व क जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनानेच सुरू करू नयेत. क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते.

१०. विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१) एका रक्तपिशवीतील लोह अन्नातून मिळवायला निरोगी माणसाला किती दिवस लागतील?
२) रक्तातील जस्त कमी असणे हे रोगाचे कारण की परिणाम, हे ठरविण्यासाठी प्रयोग कसा आखाल?
३) आपल्या घरात हिपॅटायटिस बी ची लस कोणी घेतली आहे व कोणी नाही, याची यादी करा. लग्नाच्या वयाच्या भावंडांची थॅलेसेमिया व सिकलसेलसाठी रक्ततपासणी झाली आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही, ते घरीच विचारावे लागेल. ज्या घरात हे विचारले जाईल त्या घरी एखाद्या वाहकाचा पत्ता वीस वर्षे आधी लागेल. तेवढ्यासाठी तपासणीचा खर्चही नाही, फक्त एक दिवसाची रजा लागेल. ती अवश्य घ्यावी.